मीटरमागचा लाल ठिपका

रविवार, १८ जानेवारी. सकाळी दहा ते दुपारी दीड. जागा: भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीतलं मीटर दुरुस्तीचं दुकान. हजर: काकी, शेजारचे लूमच्या सुट्या भागांचे दुकानदार नसीमभाई, मी. गैरहजर: ज्यांचं दुकान ते काका. त्यांना जाऊन दीड महिना झाला.

काम एकच होतं. महिनाअखेर दुकान रिकामं करून द्यायचं होतं, आणि त्याआधी दुरुस्तीला आलेले मीटर ज्याचे त्याला पोचवायचे होते. काकींनी मला फोन केला तो याचसाठी. "तू यादीवाली ना? मंग ये बाय. ह्यांनी कुनाचा काय ठेवलाय, मना काय कलत न्हाय."

मी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये माल पाठवण्याचं काम बघते. तिथे मला मॅडम म्हणतात. 'यादीवाली' हे नाव काकांनी दिलेलं, आणि आता ते त्यांच्या घरात माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त चालतं.

फळीवर तेवीस मीटर निघाले. बहुतेक गाड्यांचे, वेग आणि किलोमीटर दाखवणारे, काही स्कूटरचे, चार लूमवरचे काउंटर. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. मला वाटलं होतं चिठ्ठीवर नाव आणि गाडीचा नंबर असेल, म्हणजे तासाभराचं काम. पहिली चिठ्ठी वाचली: 'चढावर रडतो.' दुसरी: 'काटा लाजरा.' तिसरी: 'मीटर बरा हाय, मालक घाई करतो.'

"ये तो अंबाडीवाला," नसीमभाई तिसरी चिठ्ठी बघून लगेच म्हणाले. "खड़े खड़े चाय पीता है वो. बैठता ही नहीं."

अशा रीतीने तीन तासांत बावीस मालक सापडले. मी लिहीत होते, नसीमभाई आठवत होते, काकी मधेच एखादी चिठ्ठी हातात घेऊन जरा वेळ वाचत राहायच्या आणि मग माझ्याकडे द्यायच्या.

काम पुरं झालेल्या मीटरच्या पाठीवर, जिथे झाकणाचा स्क्रू बसतो तिथे, एक लाल ठिपका होता. काकांची ती खूण. नखांना लावायचं लाल पॉलिश, एक थेंब, स्क्रूवर आणि थोडा आजूबाजूला. कोणी नंतर स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि कळतं. भिवंडी ते वाडा या पट्ट्यात जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर मीटर उलटा करून आधी तो ठिपका बघायचे.

माझ्या गाडीचा मीटर गेली चार वर्षं बिनचूक चालतो. काकांनीच दुरुस्त केलेला. त्याच्या पाठीवर ठिपका नाही. काकांनी तो लावला नाही, आणि त्याचं कारण टेमघरला राहतं.

पण आधी काकांविषयी.

दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाट. आत एक माणूस मावायचा. दुसरा आला की पहिल्याने पोट आत घ्यायचं. आजूबाजूला लूमचा खडखडाट, समोर शेअर रिक्षांची रांग आणि 'कल्याण, कल्याण' अशी सारखी हाक. इतक्या गोंगाटात ते मीटरला कान लावून बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा माणूस सोंग करतोय असं वाटलं होतं. तसं मी बोललेसुद्धा: "काका, इथे काय ऐकू येणार?"

"हा खडखडाट रोजचा हाय. रोजचा धरायचा न्हाय," ते म्हणाले. "त्याच्यातनं जो वेगला येतो, तेवढाच आवाज."

ते खाडीकाठच्या गावचे. गाडीला गारी म्हणायचे आणि प्रत्येक बाईला बाय. गिऱ्हाईक शिकलेलं दिसलं म्हणून त्यांची भाषा कधी बदलली नाही. अंगात कायम पांढरा हाफ शर्ट, खिशात तीन वस्तू: टॉर्च, चष्मा आणि ती पॉलिशची बाटली. बाटली संपली की ते स्वतः नाक्यावरच्या बांगड्यांच्या दुकानात जायचे, चार लाल रंग स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचे आणि उन्हात धरायचे. दुकानदारीण पहिल्या वेळी हसली होती म्हणे. काका तिला म्हणाले, "हसतेस काय? तुझ्या गिऱ्हाइकाचा रंग आठ दिवस टिकला तरी चालतो. माझा धा वर्सं टिकायला पायजे."

रोज सकाळी दहाला त्यांची हजेरी असायची. मागच्या भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर वेगवेगळ्या मोडीत गेलेल्या गाड्यांचे नऊ मीटर ठोकलेले, आणि लूमची एक जुनी मोटर पट्ट्यांनी त्या नवांनाही फिरवायची. मोटर चालू करून ते वेग चाळीसवर आणायचे आणि हातातल्या स्क्रूड्रायव्हरने एकेकाकडे खूण करत नाव पुकारायचे. नाव मूळ मालकाच्या धंद्याचं.

"डागदर?" काटा चाळीसवर. "हजर." उत्तरही तेच द्यायचे. "टेम्पो?" "हजर." "दूधवाला?" "हजर." "मास्तर?"

मास्तर म्हणजे कुठल्याशा शिक्षकांच्या स्कूटरचा मीटर. तो छत्तीस दाखवायचा. काल, आज, उद्या, छत्तीस.

"उशीर!" काका ओरडायचे. "रोज उशीर, आन् पोरांना सांगतो वेलेवर या!"

मी एकदा विचारलं, एवढे मीटर दुरुस्त करता, हा एक का नाही करत? ते म्हणाले, "तो चुकतो म्हनून मी रोज नवांकडं बघतो. सगले बरोबर आले आसते तर तिसऱ्या दिशी बघायचं बंद केलं आसतं." हे मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे.

त्यांच्याकडे सगळेच दुरुस्तीला यायचे असं नाही. जुन्या गाड्यांचा एक दलाल एकदा आला, माझ्यादेखत. गाडी विकायची होती आणि मीटरवर किलोमीटर फार दिसत होते. "काका, जरा तीस हजार मागे घेऊन द्या," असं तो हळूच म्हणाला. काका उठले. बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, चष्मा लावून आकडा वाचला.

"तीस हजार?"

"हां, तेवढं बस झालं."

"मंग हितनं वाड्याला जा. मागं चालवत. येताना पन मागं चालवत ये. रोज दोन खेपा मारल्यास तर पावसाल्यापत्तर व्हईल."

दलाल अर्धा मिनिट खरंच हिशेब करत उभा होता. नसीमभाईंना हसताना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसरी गोष्ट नसीमभाईंनी सांगितलेली. लूमवर एक काउंटर असतो. किती मीटर कापड विणलं ते तो मोजतो, आणि कारागिराची मजुरी त्या आकड्यावर ठरते. एक लूममालक चांगला चालणारा काउंटर घेऊन आला आणि म्हणाला, "जरा सुस्त कर दो." काका म्हणाले, "माझ्याकडं बिघडलेला दुरुस्त व्हतो. चांगला बिघडवायला दुसरं दुकान बघा." एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? त्याच आठवड्यात ते त्या कारखान्यात गेले, बारा लूमच्या बारा काउंटरना लाल ठिपका लावून आले आणि कारागिरांना सांगून आले, "ठिपका तडकलेला दिसला तर मना हाक मारा." मालक चिडला, पण ठिपके खरवडायची त्याची हिंमत झाली नाही. खरवडले असते तर खरवडलेलं दिसलं असतं.

त्यामुळे त्यांच्या ठिपक्याचा अर्थ मला माहीत होता. दुरुस्ती झाली एवढाच तो अर्थ नव्हता. ह्यात आता खोटं काही उरलेलं नाही, असा तो होता.

आता माझं प्रकरण.

माझी गाडी वडिलांची. छोटी, पांढरी, वीस वर्षांपेक्षा जुनी. या जुन्या गाड्यांत वेग दाखवायची रीत साधी आहे. गियरबॉक्समधून एक केबल निघते, इंजिनमागच्या पत्र्यातल्या भोकातून आत येते आणि मीटरच्या पाठीत शिरते. चाकं फिरली की केबलच्या आतली तार फिरते, तार फिरली की काटा हलतो. मला अशा गोष्टी आवडतात. कारण आणि परिणाम एका दोरीने बांधलेले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये काटा थरथरायला लागला. मग किरकिर आवाज. मग एक दिवस काटा शून्यावर पडला आणि किलोमीटरचे आकडेही थांबले. मी गाडी टेमघरला सुनीलकडे दिली. सुनील मेकॅनिक, पस्तिशीचा, स्वतःचं छोटं गॅरेज. आमच्या गोडाऊनचे सात टेम्पोही मीच त्याच्याकडे लावले होते. त्याने केबल बदलली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच: थरथर, किरकिर, शून्य. त्याने पुन्हा बदलली. ऑगस्टअखेर तिसऱ्यांदा तुटली.

तिसऱ्या वेळी मी त्याच्या गॅरेजवर गेले तेव्हा सकाळ होती, चार-पाच टेम्पोवाले उभे होते, समोरच्या टपरीवर आणखी पाच-सहा. मी गाडीतून उतरतानाच बोलायला सुरुवात केली. हलका माल घालतोस, पैसे चांगल्याचे घेतोस, जुनी गाडी आणि बाई माणूस बघून काहीही खपवतोस. मोठ्याने बोलले. मला मोठ्याने बोलायची सवय आहे. गोडाऊनमध्ये हळू बोलून कोणी हलत नाही.

सुनील हात पुसत उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, केबल मी तुमच्यासमोर पाकिटातनं काढली होती."

हे खरं होतं. मी तिथे उभी होते. तरीही ऑफिसात येऊन मी डायरी उघडली आणि एक ओळ लिहिली: 'केबल हलक्या प्रतीची. मेकॅनिक काढला.' सातही टेम्पो दुसरीकडे गेले. पुढच्या महिन्याभरात राहनाळच्या आणखी दोन गोडाऊनच्या ड्रायव्हरांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. टपरीवर जे ऐकलं ते पुरेसं होतं.

आमच्या एका टेम्पोच्या ड्रायव्हरने मला काकांचा पत्ता दिला. मी तयारीनिशी गेले. दोन पानी यादी: तारखा, किलोमीटर, काय बिघडलं, केबल दर वेळी कुठे तुटली, काय केलं, टायर कधी बदलले, बॅटरी कधी. जाण्याआधी नेहमीप्रमाणे गाडीतलं सगळं सामान काढून घरी ठेवलं. दुरुस्तीला देताना गाडी रिकामी करायची, हा माझा नियम आहे.

काकांनी यादी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "नसीम, बघ. असा पेशंट पायजे."

मला बरं वाटलं.

"काटा थरथरायचा तवा आकडे फिरत व्हते?"

"फिरत होते. नंतर दोन्ही एकदमच थांबले."

"म्हनजे मीटरचं डोकं ठीक हाय. काटा एकटाच रुसला आसता तर डोक्यात दोष. दोगं संगती गेले म्हनजे केबल न्हायतर गियरबॉक्सचं दांतं." ते गाडीखाली सरपटत गेले, साठीच्या पुढचा माणूस, आणि बाहेर येऊन म्हणाले, "दांतं ठीक." तुटलेली केबल त्यांनी ओढून काढली आणि तुटलेली जागा बोटाने चाचपली. "माल चांगला हाय. कोनी घातली?"

"टेमघरच्या एकाने. त्याला काढून टाकलं."

ते यादीकडे परत गेले, 'मेकॅनिक काढला' ही मी तिथेही उतरवलेली ओळ शोधली आणि वाचली. नवी केबल जोडली आणि म्हणाले, "चल, चालव." मीटरवर त्यांनी स्वतःचा रुमाल अडकवला. ते शेजारी बसले, डोळे मिटले, एक तळवा डॅशबोर्डवर ठेवला. मी बायपासच्या रस्त्याला लागले. मोबाईलवर वेग दाखवणारं ॲप लावून ठेवलं होतं, कारण मी कोणावरही विश्वास ठेवत नसे.

"बत्तीस," ते म्हणाले. मोबाईल बत्तीस.

"आता पंचेचालीस." मोबाईल चव्वेचाळीस.

"एकाने चुकलात," मी म्हटलं.

"तुझा मोबाईल वरनं बघतो. मी खालनं," ते डोळे न उघडता म्हणाले. आणि मग, जरा वेळाने, "यादी चांगली हाय तुझी. आता यादीत न्हाय ते सांग."

"यादीत सगळं आहे, काका."

"सगलं आसतं तर केबल तीनदा कशाला तुटली आसती? तीन्ही एकाच जाग्यावर तुटल्या. मीटरपासनं वीतभर. तिथं कायतरी व्हतं. काय ते सांग."

मी मनातल्या मनात यादी पहिल्यापासून पुन्हा तपासली; काही सुटलं नव्हतं. दुकानाशी परत आल्यावर ते उतरले आणि म्हणाले, "घरी जा. उद्या सकाली रोज निघतेस तशी नीघ. रोजचं सामान घे. ऑफिसला जायच्या आधी हितं ये. आन् कायबी नवीन करू नको."

दुसऱ्या दिवशी मी आले. ते खिडकीशी वाकून उभे राहिले. "आता उतर आन् परत बस. रोज बसतेस तशी. दरवाज्यापासनं कर."

मी दार उघडलं, बसले, पट्टा लावला, पर्स बाजूला ठेवली. पर्समधून डायरी काढली. गोडाऊनची जाड पुठ्ठ्याची डायरी, त्या वर्षी जानेवारीपासून वापरायला लागलेली. त्याआधी मी पातळ वही वापरायचे. रोज निघताना मी मीटरवरचे किलोमीटर लिहिते. लिहिले. पेन बंद केलं. आणि डायरी मीटरच्या खालच्या फटीत आत ढकलली, म्हणजे हाताशी राहते.

"परत कर," काका म्हणाले.

मी डायरी काढली आणि पुन्हा ढकलली. ती नीट बसेना म्हणून रोजच्यासारखा तळव्याने एक दणका दिला.

काकांनी टॉर्च लावला आणि मला वाकायला सांगितलं. फटीच्या आत, डायरीच्या कोपऱ्याने केबल पार कोपरासारखी वाकवली होती. मीटरपासून वीतभर अंतरावर. आतली तार त्या वळणात रोज घासत होती, आधी थरथरत, मग किरकिरत, मग तुटत. आणि गाडी दुरुस्तीला देताना मी दर वेळी डायरी काढून घेत होते, म्हणून सुनीलला ती कधी दिसलीच नाही. यादीत सगळं होतं, यादी सोडून.

"अरे मॅडम!" नसीमभाई दुकानातून ओरडले. "क़ातिल को रोज़ घुमाने ले जाती थीं आप!"

मी हसले. मोकळं वाटलं, आणि लाजही. काका हसले नाहीत. त्यांनी केबल मोठं, सैल वळण देऊन बाजूने नेली, पट्टीने बांधली आणि फटीत एक फळीचा तुकडा बसवला, म्हणजे पुन्हा कोणाला काही ढकलता येऊ नये. मग मीटर बसवण्याआधी उलटा धरला, खिशातून पॉलिशची बाटली काढली, बूच फिरवलं आणि थांबले.

"त्या टेमघरवाल्याला काय बोललीस?"

मी सांगितलं. जे बोलले ते सगळं.

"कुठं बोललीस?"

"त्याच्या गॅरेजवर."

"कोन कोन व्हतं?"

ते मला यादीच मागत होते. मी दिली: पाच टेम्पोवाले, टपरीवरचे सहा, टपरीवाला, सुनीलचा भाऊ.

त्यांनी बूच परत लावलं. "दोष दोन व्हते. एक निघाला. दुसरा तू काढून ये, मंग ठिपका लावतो."

मी दोन दिवसांत सातही टेम्पो सुनीलकडे परत लावले. ऑफिसातल्या मुलीला सांगितलं, तिने त्याला फोन केला. माझ्या हिशेबाने विषय संपला होता. पुढच्या वेळी नाक्यावरून जाताना मी काकांना तसं सांगितलं.

"टेम्पो न्हाय विचारले," ते म्हणाले. "सांगितलंस का, ते विचारलं. जिथं बोललीस तिथंच, तेवढ्याच मान्सांत."

"यादीत आहे, काका."

"आसू दे."

चार वर्षांत हे किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही, आणि मी मोजलं नाही अशा फार थोड्या गोष्टी आहेत. मी त्यांच्याकडे जात राहिले. कधी टेम्पोचे मीटर घेऊन, कधी नुसती चहाला. ते कधी रागावले नाहीत, उपदेश केला नाही, नसीमभाईंसमोर कधी विषय काढला नाही. निघताना फक्त विचारायचे, "सांगितलंस?" जसं एखाद्याला औषध घेतलंस का विचारावं.

एकदा मी गेले होते. गॅरेजसमोर गाडी थांबवली. सुनील एका टेम्पोखाली होता, बाहेर सात-आठ माणसं. मी काच खाली केली, आणि त्याच्या भावाने विचारलं, "काय मॅडम, हवा भरायचीय?" मी हो म्हटलं. चारही टायरमध्ये हवा होती. ती पुन्हा भरून मी परत आले.

टेम्पो परत गेले तरी ते दुसऱ्या दोन गोडाऊनचे ड्रायव्हर सुनीलकडे परत गेले नाहीत. परवापरवा आमच्याच एका नव्या ड्रायव्हरने मला सांगितलं, "टेमघरवाला काम चांगलं करतो मॅडम, पण पार्ट आपण आपले न्यायचे. हलके घालतो म्हणतात." कोण म्हणतं, ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

काकांचे माझ्यावर उपकार किती, याची यादी करायला बसले तर पहिली ओळ त्या मीटरची येणार नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ असते. गोडाऊनमध्ये गाडी सुटताना ड्रायव्हर सगळ्या रकान्यांवर खुणा करून कागद माझ्याकडे आणतो, आणि मी विचारते, "आता यादीत नाही ते सांग." आधी लोक हसायचे. मग एके दिवशी एक ड्रायव्हर, सगळ्या खुणा बरोबर असलेला, जरा थांबला आणि म्हणाला, "दोन रात्री झोपलो न्हाय मॅडम. बायको हॉस्पिटलात हाय." मी त्याला गाडीवरून उतरवलं आणि घरी पाठवलं. यादीत त्यासाठी रकाना नव्हता. वीस वर्षं मी याद्या करत होते आणि माणसं त्यांच्या बाहेर उभी होती. मला ती दिसायला लागली ती या एका माणसामुळे, ज्याने माझी यादी दोनदा वाचली, तिचं कौतुक केलं आणि मग ती बाजूला ठेवून माझ्या हाताकडे बघितलं.

शेवटी भेटले ते नोव्हेंबरमध्ये. ते घरी होते, खाटेवर, आवाज खोल गेलेला. काकींनी चहा केला. मी बसले, गोडाऊनच्या गोष्टी सांगितल्या, निघाले. त्यांनी विचारलं नाही. मी दारापर्यंत आले तरी विचारलं नाही. मीच वळून म्हटलं, "अजून नाही, काका."

"मना ठाऊक हाय," ते म्हणाले. "गारी कशी चालते?"

"चांगली."

"मंग चालवत राव. तिकडनंबी जाते ती."

आज दीड वाजता दुकान झाडून झालं. नऊ मीटरची फळी नसीमभाईंनी मागून घेतली. उद्यापासून दहाची हजेरी ते घेणार आहेत. "मास्तर को मैं भी ठीक नहीं करूँगा," असं त्यांनी काकींना दोनदा सांगितलं. तेविसाव्या मीटरचा मालक काही सापडला नाही. चिठ्ठीवर नुसतं 'येईल' असं लिहिलंय. तो मी माझ्याकडे ठेवला.

निघताना काकींनी पदराच्या गाठीतून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. पॉलिशची बाटली. अर्ध्याच्या वर भरलेली.

"ही तुना द्यायची व्हती," त्या म्हणाल्या. "ते बोलले, यादीवालीचा एक ठिपका राह्यलाय. तिचा तिनंच लावायचा, पन झाल्यावर. आधी लावला तर तिला सोताला कलंल, बोलले."

बाटली आता गाडीत आहे. फटीत नाही, फटीत काकांची फळी आहे. पर्समध्ये आहे.

आजच्या यादीत एकूण चौदा ओळी होत्या. बारांवर खूण झाली. तेरावी: 'येईल' असं लिहिलेल्या मीटरचा मालक, वाट बघणे. चौदावी चार वर्षं एका डायरीतून दुसऱ्या डायरीत उतरवत आणलेली आहे, तीच आज पुन्हा उतरवली, फक्त या वेळी वेळ घातली. नसीमभाईंना विचारून घेतलं, टेमघरच्या त्या टपरीवर सर्वांत जास्त माणसं कधी असतात. सोमवारी, सकाळी साडेनऊला.

१४. सुनील. सोमवार, सकाळी साडेनऊ. त्याच्या गॅरेजवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने. बाकी.